साडेपाचची बोट

"हा माणूस आज इथे आला होता का?"

तिनं पर्समधला फोटो काउंटरवर ठेवला. लॉजच्या मालकीणबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि फोटो निरखला.

"अगं, हे तर तुझे यजमान! पाच वर्षं झाली ना? कोपऱ्यातली खोली, तळ्याकडच्या खिडकीची." त्या हसल्या. "दोन दिवस तुझा हात म्हणून सोडला नाही त्यांनी. आम्ही सगळे म्हणायचो, नशीब काढलं पोरीनं."

"आज आले होते का?"

"नाही गं. चुकामूक झाली का? फोन लाव की."

"बोलणं होत नाहीये सकाळपासून."

मालकीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो एका दमात संपवला. "बाई गं, नवरा आणि बोट, दोघांचीही वाट बघण्यातच आपला जन्म जायचा," त्या म्हणाल्या. "तुझा नंबर देऊन जा. आले की लगेच कळवते."

"नको. मीच येऊन जाईन." दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. "आणि आलेच, तर मी विचारत होते असं सांगू नका. गवगवा केलेला त्यांना खपत नाही."

"पुरुषांची जातच तशी," मालकीणबाई म्हणाल्या. "काळजी करू नकोस. सापडतील."

तिनं काउंटरवरचा फोटो उचलून पर्समध्ये टाकला.

बाहेर ऊन कललं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं आणि मधून एकच रस्ता. शहरातून येणारा माणूस याच रस्त्यानं येणार. इथून पुढे जायचं तर साडेपाचची बोट. पलीकडच्या काठाला जाणारी दिवसातली शेवटची.

ती धक्क्याकडे चालू लागली. वाळत घातलेली जाळी, उलट्या ठेवलेल्या होड्या, त्यांच्या सावलीत पत्ते कुटणारी माणसं. प्रत्येक पाठमोऱ्या माणसापाशी तिचं पाऊल अडखळत होतं.

धक्क्यावरच्या चहावाल्यानं फोटो पाहिला आणि मान हलवली. "उंचीला कसे आहेत?"

"उंच आहेत. डाव्या पायानं किंचित लंगडतात."

"मग लक्षात राहिले असते. ताई, चौकी त्या वळणावरच आहे. साहेबांच्या कानावर घालून ठेवा."

"नको नको," ती घाईनं म्हणाली. "इतक्यात नको."

तेवढ्यात पाचची बस आली. ती चहाच्या टपरीच्या खांबाला धरून उभी राहिली. एकेक माणूस उतरू लागला. दोन कोळिणी, एक मास्तर, छत्री घेतलेले आजोबा. मग दारात निळा शर्ट दिसला. उंच माणूस. तो वळला, तर भलताच कुणी निघाला. ती तिथल्या बाकावर बसली.

"नाही का आले?" चहावाल्यानं हळूच विचारलं.

तिनं मान हलवली. त्यानं न मागता चहा पुढे केला. तिनं कप तसाच बाकावर ठेवला.

बोटीचा पहिला भोंगा झाला. ती उठली आणि तिकिटाच्या खिडकीशी गेली. आतल्या गृहस्थांनी फोटो उजेडात धरून पाहिला.

"नाही बाई. आज सकाळपासून मीच बसलोय. हे गृहस्थ आलेले नाहीत."

"दुपारच्या बोटीनं गेले नसतील? पलीकडे उतरले नसतील?"

"छे! चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही मी."

"नक्की?"

"अगदी नक्की." त्यांना तिची दया आली. "धीर धरा. बसस्टँडवर चौकशी करू का?"

डोळे मिटून तिनं लांब श्वास सोडला. मग म्हणाली, "पलीकडची दोन तिकिटं द्या."

तिकिटं मुठीत धरून ती बायकांच्या विश्रांतीखोलीपाशी आली आणि बंद दारावर दोनदा टकटक केली.

"चला. नाही आले ते."

आतली कडी निघाली. ओठ सुजलेली, एक हात गळ्यात बांधलेली एक म्हातारी बाहेर आली. तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, सुनेचं मनगट धरलं आणि विचारलं, "नीट विचारलंस ना गं? माझ्या पोटचा आहे तो. मी ओळखते त्याला."