अजून लवकर आहे

सकाळी साडेपाचला अतुलने लेकीला आलेला आणखी एक नकार डिलीट केला आणि मग चहाचं आधण ठेवलं.

हा चौथा. पहिले तीन त्याने निदान वाचले तरी होते. तिन्हींचा विषय एकच, 'अपडेट ऑन युअर ॲप्लिकेशन', आणि आत गोड बोलून केलेली बोळवण. चौथ्याचा विषयही तोच दिसला, तेव्हा उघडायची त्याची हिंमतच झाली नाही. कशाला पुन्हा जिवाला घोर?

पासवर्ड त्यानेच ठेवलेला. आश्लेषा दहा वर्षांची असताना त्याने तिला ईमेल काढून दिला होता. आता ती बावीसची झाली, तरी तो बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. आपल्याकडे मुलांचा पासवर्ड घराच्या किल्लीसारखा, एक आईबापाकडे असायचीच.

जूनमध्ये तिने अमेरिकेतल्या अठरा मेडिकल कॉलेजांना अर्ज केले होते. सप्टेंबरपासून उत्तरं यायला लागली. पहिला नकार आला त्या दिवशी तिची क्लिनिकमध्ये सकाळची शिफ्ट होती. हे वाचून पोर दिवसभर पेशंटसमोर कशी उभी राहणार, म्हणून त्याने तो मेल काढून टाकला. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं होतं खरं. पण जेवताना ती कशावरून तरी हसली आणि त्याची जीभ रेटेना. पहिलं लपवलं, म्हणून दुसरं लपवावं लागलं. बायकोलाही, पद्मिनीलाही, त्याने पत्ता लागू दिला नाही.

"काही आलं का गं?" तो रोज रात्री ताटावर विचारायचा.

"नथिंग, बाबा. इट्स स्टिल अर्ली."

"हो, अजून लवकर आहे," म्हणायचा आणि खाली मान घालून पोळी तोडायचा. खोटं बोलायची सवय नव्हती हो बिचाऱ्याला. वीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरलेला माणूस तो.

ऑक्टोबर उजाडला तशी आश्लेषा गप्प गप्प राहायला लागली. एका गुरुवारी तिने सुट्टी घेतली, डोकं दुखतंय म्हणाली, आणि सकाळपासून खोलीचं दार लावून बसली. अतुल त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्याने आल्याचा चहा करून दाराशी नेऊन ठेवला. तासाभराने पाहिलं, तर कप तसाच, वर साय धरलेली. आतून तिचा हलका आवाज येत होता. पोर कुणापाशी तरी मन मोकळं करतेय, असं त्याला वाटलं. आपल्यापाशी नाही करत, हे त्याला फार लागलं.

शनिवारी बापलेक अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत गेले. कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना मोना भेटली, मंडळातली. तिचा मुलगा यशही यंदाच अर्ज करत होता.

"यशला पाच इंटरव्ह्यू आले," ती म्हणाली. "आशू, तुझं काय गं?"

"नॉट येट, मावशी," आश्लेषा म्हणाली, आणि हसली.

ते हसू अतुलला सोसेना. गाडीत सामान ठेवलं, दोघं बसली, पण त्याने किल्ली काही फिरवली नाही. समोर एक बाई ट्रॉलीतून तांदळाची पोती उतरवत होती. तिच्याकडे बघत बघतच तो बोलला.

"आशू, चार नकार आलेत. तुला दिसायच्या आत मी डिलीट केले. चुकलं माझं."

आश्लेषा रडेल, ओरडेल, दार आपटून निघून जाईल, सगळ्याची त्याने तयारी केली होती.

"तीन," ती म्हणाली.

"चार गं. मी मोजलेत."

"तीनच, बाबा. डिलीट केलेले मेल महिनाभर ट्रॅशमध्ये पडून असतात. आणि तू क्यूएमध्ये, चुका शोधायच्या कामात आहेस." तिने सीटबेल्टशी चाळा केला. "सगळ्यांना काही ना काही उत्तर येत होतं, मलाच काही नाही. सो आय लुक्ड एव्हरीव्हेअर. चौथा तू उघडलाच नव्हतास. तो इंटरव्ह्यू होता. त्या गुरुवारी झाला, झूमवर. डोकंबिकं काही दुखत नव्हतं माझं."

हिने ट्रॅश उघडून पाहिला नसता तर? पुढचा विचार त्याला करवेना.

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू इतकं जपत होतास मला. मला सगळं माहितेय म्हटलं असतं, तर तुला किती वाईट वाटलं असतं."

"निदान पासवर्ड तरी बदलायचास."

"बदलणार होते. मग वाटलं, रोज पहाटे उठून तू हे एकटाच वाचतोस. निदान मागून तरी मी वाचावं."

अतुलने चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"त्यांचं उत्तर सोमवारी येणार आहे," ती म्हणाली. "सब्जेक्ट तोच असेल. तू माझ्या आधी उठतोस. आला की आधी मला उठव."