पहिला कप झिंगूचा

"झाकण इथेच उघड, माझ्यासमोर," रेंजरसाहेब म्हणाले.

झिंगूने पितळी डबा टेबलावर ठेवला. झाकणाच्या कडेला त्याने मेण लावून कापडाची पट्टी गुंडाळली होती. ती तो जपून सोडवू लागला. चादर मळकी निघाली म्हणून घरी बसवलेले चौकीदार त्याने पाहिले होते. साहेबांच्या जिभेपुढे चौकीदाराची नोकरी म्हणजे अळवावरचं पाणी.

डबा साहेबांचाच होता. दोन वर्षांपूर्वी, चौपन्नच्या उन्हाळ्यात, ते या जंगलातल्या बंगल्यावर पंधरा दिवस राहिले आणि बदली होऊन गेले. डबा मागे राहिला. आता ते पुन्हा चांद्याला आले होते. कालच निरोप आला होता: माझी पत्ती असेल तर काढून ठेव, उद्या येतो.

निरोप ऐकल्यावर झिंगूने आज पहाटेच बायकोला, देवकाबाईला, मूल गावी तिच्या भावाकडे धाडून दिलं. सोबत दोन्ही कोंबड्याही दिल्या. पाहुण्यांचं काम एकटा करेन म्हणाला.

"कुठे ठेवला होतास?" साहेबांनी विचारलं.

"धानाच्या कोंड्यात जी. ओल लागू देली नाई. मोहाच्या टोपल्याजवळ तर ठेवलाच नाई."

"शाबास. चहा शेजाऱ्याचा वास चोरतो. मोहाजवळ ठेवला की गेला कामातून."

साहेबांनी चिमूटभर पत्ती तळहातावर चोळली. ती मऊ पडली नव्हती, कुरकुरीत मोडली. नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. मग चार पानं गार पाण्याच्या पेल्यात टाकून पेला उजेडात धरला.

"माझी विकून दुसरी तर भरली नाहीस ना?"

"नाई जी. माह्या लेकीची आण."

"हो, मागे चहा तुझी पोरगीच करायची. भागीरथा. कुठे आहे ती?"

"नाई राह्यली जी."

"म्हणजे?"

"तुमी गेल्यावर दोन महिन्यानं. मागच्या विहिरीत सापडली."

साहेबांनी पेला खाली ठेवला. खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा उचलला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "रंग ठीक सुटतोय. बुरशी नाही. वास मात्र उडालाय."

झिंगूने डब्याचं झाकण पुसलं. पत्ती त्याने दोन वर्षं जपली आणि पोरीला पंधरा दिवस जपता आलं नाही, हे दुःख त्याला रोज खायचं. पण आत्ता त्याच्या जिवाला एकच धास्ती होती. साहेबांनी चहा नाकारला तर?

"फेकून दे. ताक आण," साहेब म्हणाले.

झिंगूने डबा जवळ ओढला.

"नका फेकू जी," तो हात जोडून म्हणाला. "जुन्या पत्तीले अद्रक लागते, मंग चव येते. सकाळीच कुटून ठेवली. एक कप पाहा. नाई आवडला तर मले काढून टाका."

त्याचा रडवेला चेहरा पाहून साहेब हसले. "बरं, कर. पण नियम ठाऊक आहे ना?"

नियम साऱ्या चौकीदारांना ठाऊक होता. कुठल्याशा बंगल्यावर साहेबांना एकदा शिळा चहा बाधला होता. तेव्हापासून पहिला कप चौकीदाराने प्यायचा. साहेब समोर बसून एक सिगारेट ओढणार आणि मगच कप तोंडाला लावणार.

झिंगू स्वयंपाकघरात गेला. आल्याचा गोळा वाटीत झाकलेला होता. ज्या खलात कुटला, तो त्याने सकाळीच बंगल्याखालच्या तळ्याच्या पायरीवर नेऊन घासून धुतला होता. दारात जीपचा ड्रायव्हर केवळराम उभा होता.

"मले पण दे ना भाऊ घोटभर."

"या उन्हात काय चाय पेतं! हे ताक घे," झिंगू म्हणाला आणि गडूच त्याच्या हातात दिला. "अन् तळ्यावर बस जाऊन. सावली हाये."

साहेबांपुढे उभं राहून झिंगूने पहिला कप संपवला. सगळा. तळाचा गाळसुद्धा. साहेब सिगारेट ओढत त्याच्याकडे बघत राहिले.

"मासे मिळतील का दुपारी?" त्यांनी विचारलं. "तुम्हा मासेमार ढिवरांचे उद्योग नकोत हं. रानातली मुळी ठेचून पाण्यात टाकायची आणि उताणे पडलेले मासे वेचायचे. बंदी आहे त्याला. गळाने धर."

"होय जी."

सिगारेट संपली. झिंगू ताठ उभा होता. साहेबांनी कप उचलला, घोट घेतला आणि जिभेवर घोळवला.

"कडवट आहे."

"दोन पावसाळे झाले जी."

"पण आल्यानं वाचवली. आण अजून एक."

दुसरा कपही रिकामा झाला तेव्हा झिंगूने डोळे पुसले. आपली नोकरी वाचली म्हणून बिचारा रडतोय, असं साहेबांना वाटलं. त्यांनी खूश होऊन उरलेली पत्ती त्यालाच देऊन टाकली.

झिंगू बाहेर येऊन पायरीवर बसला. पोटात पहिली कळ आली तशी त्याने गुडघे छातीशी घेतले. खालून केवळराम हाका मारत होता.

"झिंगूभाऊ, लवकर ये! तू सकाळी खल धुतला ना, त्या पायरीपाशी सारे मासे उताणे पडून राह्यले!"