मिठाचा बर्फ

लॅबच्या खिडकीतून आइस्क्रीमवाल्या काकांनी डबा आत सरकवला. "बर्फात मीठ घातलंय, भाऊ. थंडीचं काम आम्हाला शिकवायला नको." डब्यात त्यांच्या थोरल्या लेकीचं रक्त होतं, ती जायच्या आदल्या दिवशी काढलेलं. तिला कुठल्या आजाराने नेलं ते यातून कळणार होतं, आणि धाकटीही तशीच पिवळी पडायला लागली होती; तिच्या रक्तात मात्र अजून काही सापडत नव्हतं. मी नळी उचलली. रक्ताचा दगड झाला होता. नुसतं गार ठेवायचं असतं. मिठाच्या बर्फात गोठतं. "काका, गोठलं की रक्तातल्या पेशी फुटतात. यातून आता काहीच कळणार नाही." "मग दुसरं काढू..." एवढं बोलून ते थांबले. काढणार कुणाचं? त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली, मुठीत धरली आणि तोंडाची वाफ देत राहिले. बऱ्याच वेळाने मूठ उघडली. "वितळलं बघा," ते म्हणाले. "आता तरी घ्या ना."