कानात गेलेलं नाव

"'व' निघालंय," व्यंकटरावाच्या आईनं, नर्मदाबाईनं ओसरीवर येऊन सांगितलं. "जोशीबुवा म्हणले, वामन ठेवा न्हाई तर विठोबा ठेवा."

ओसरीवर भावकी बसली होती. त्यातला एक म्हातारा डोळे मिचकावत म्हणाला, "'व'वरून आपल्या गावात एकच नाव गाजलेलं हाय की, नर्मदे! वसराम!"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. हसता हसता दोघंतिघं बाजूला थुंकलेसुद्धा.

व्यंकटराव मात्र भडकला. पोरींच्या पाठीवर इतक्या वर्षांनी झालेलं हे पोरगं. बारशाच्या घुगऱ्या चुलीवर शिजत होत्या, आणि नेमकं आजच ते नाव निघावं!

"त्या हरामखोराचं नाव माझ्या दारात काढायचं न्हाई," तो गरजला. "अक्षर गेलं खड्ड्यात. माझ्या पोराचं नाव उत्तम!"

ओसरीवर एकेक मान डोलायला लागली. त्या नावाला नाही कोण म्हणणार?

उत्तमराव म्हणजे व्यंकटरावाच्या धाकट्या बहिणीचा, अनुसयेचा नवरा. सासरवाडीलाच राहायचा, पण घरजावई म्हणून कुणी हिणवावं असा गडी नव्हता. वैशाखात रझाकारांनी गावावर धाड घातली. घरं लुटली, माणसं मारली, आणि गावानं कडब्याच्या गंजीत लपवलेल्या बंदुका बरोबर हुडकून काढल्या. ते निघून गेल्यावर उत्तमराव वेशीबाहेर पडलेला सापडला, छातीत गोळी. एकटाच अडवायला पुढं गेला म्हणायचा, केवढं धाडस! गावानं तिथं दगड उभा केला. पुढं भादव्यात लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा पहिला हार त्या दगडाला पडला.

देवाची कृपा एवढीच, की आदल्याच दिवशी उत्तमराव अनुसयेला दागिन्यांच्या डब्यासकट आखाडा बाळापूरला, आपल्या बहिणीकडं सोडून आला होता. नाही तर पोरीचं काय झालं असतं! नर्मदाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगायची आणि डोळ्याला पदर लावायची.

आणि वसराम? तांड्यावरचा माणूस. बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव हिंडायचा, सगळ्या वाटा त्याला पाठ. धाडीच्या आधी ओढ्यावर तो रझाकारांच्या घोड्यांना पाणी पाजताना दिसला होता. बंदुकांची खबर त्यानंच दिली, आणखी काय पाहिजे? गाव काठ्या घेऊन तांड्यावर गेलं, सगळ्यात पुढं व्यंकटराव. "बंदूक छातीला लावली व्हती, दादा, पाणी पाजलं न्हाई तर काय करू?" वसराम म्हणत राहिला. ऐकतो कोण! त्या मारातून तो उठलाच नाही.

तेव्हापासून गावात वसराम ही शिवीच झाली. त्याची बायको मोतीबाई बाजाराला निघाली की लोक तोंड फिरवायचे. व्यंकटरावाला एकदोनदा आतून कसंसं झालं, नाही असं नाही. पण वेशीवरच्या दगडाला हात लावला की त्याचं मन पुन्हा घट्ट व्हायचं.

तो आत गेला. अनुसया पाळण्याच्या दोरीला झेंडूची फुलं बांधत होती.

"अनु, आत्या तू. कानात नाव तुलाच फुकायचं हाय."

"माझं कपाळ पांढरं, दादा. पाळण्याला माझा हात बायांना चालंल?"

"कोण तोंड उघडतंय बघतो मी! उत्तमरावाची बायको हायस तू. पंचक्रोशीत मान हाय तुला."

अनुसया फुलंच बांधत राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत असेल, असं त्याला वाटलं. सात वर्षांच्या संसारात तिनं ते कधी उखाण्यातसुद्धा धड घेतलं नव्हतं.

"एकडाव घे की," तो समजुतीनं म्हणाला.

"कानात गेलेलं नाव मागं घेता येत न्हाई. ठाऊक हाय ना तुला?"

"मागं कोण घेतंय?"

"मेल्या माणसाचं नाव ठेवलं की तो माणूस घरात परत येतो म्हणत्यात."

"यावा! त्याच्यासाठीच तर करून राहिलो मी हे सगळं."

"आला तर जीव लावशील?"

"पोरापरीस जास्त लावीन," व्यंकटराव म्हणाला. अनुसयेनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. रडून रडून आटली बिचारी, असं वाटून त्याला भरून आलं.

ऊन कलल्यावर बाया जमल्या. लेकराला पाळण्यात घातलं. विधवेला पुढं बघून एकदोघींनी नाकं मुरडली, पण व्यंकटरावानं डोळे वटारले तशा गप बसल्या. अनुसया वाकली आणि लेकराच्या कानाशी तोंड नेलं. बायांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत बुक्क्या घालायला सुरुवात केली.

"काय नाव ठिवलं, सांग की गं! मोठ्यानं सांग!"

व्यंकटराव दारात हात जोडून उभा होता.

अनुसया ताठ झाली. "वसराम," ती म्हणाली.

बायांचे हात होते तिथं थांबले. "अगं, येड लागलं का तुला?" नर्मदाबाई किंचाळली. व्यंकटराव हात उगारूनच पाळण्याशी आला. अनुसया जागची हलली नाही. एका हातानं ती पाळणा झोकतच होती.

"मार, दादा," ती हळूच म्हणाली. "पण धाडीच्या आदल्या दिवशी दागिन्याच्या डब्यासकट त्यांनी मला बाळापूरला काहून नेऊन सोडलं, ते कुणी कधी इचारलंच न्हाई."