दोन इंच

“आई, स्कर्ट पुन्हा सैल झालाय. दोन इंच आत घे ना!” लेकीने आरशासमोर गिरकी घेतली. ओठांत टाचण्या धरलेली शिंपीण सुखावली. लेकीला नुसत्या काकडीवर ठेवण्याची युक्ती तिचीच, गिऱ्हाइकांपुढची फुशारकीही तिचीच. मापाची टेप हल्ली लेकीच्याच खणात असायची. टेप घ्यायला शिंपिणीने खण उघडला, तर चार महिन्यांपूर्वी आणलेलं सॅनिटरी पॅडचं पाकीट तसंच होतं, न फोडलेलं. टाचण्या काढून तिने दबकत विचारलं, “पाळी?” “खाणं कमी केल्यापासून येतच नाही. कटकट गेली! केस तेवढे गळतायत. वजन उतरतंय ना, मग?” आई गुडघ्यांवर बसली, कमरेची शिवण उसवू लागली. “अगं, ढगळ होईल!” “होऊ दे. उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. आत्ता पोटभर जेव. हा तुला घट्ट होईल ना, त्या दिवशी सांगेन गिऱ्हाइकांना.”