रिकामे पिस्तूल

शहाजीरावांची तलवार होती, त्यांचे चिरंजीव मानाजीराव यांची ठासणीची बंदूक होती आणि मानाजीरावांचे चिरंजीव रंगराव यांची परवान्याची दुनळी होती. रंगरावांचे चिरंजीव हंबीरराव यांच्या काळात परवान्याची गरजच उरली नाही. ज्याच्या घरी वस्तू छापणारे त्रिमितीय छपाईयंत्र, त्याच्या घरी प्लास्टिकचे पिस्तूल.

खंडेनवमीला शेजारचा दिगंबर गुरव आपले झेंडूच्या रंगाचे पिस्तूल हंबीररावांकडे पूजेला घेऊन आला. पूजेआधी प्रत्येक शस्त्र उघडून पाहण्याची रीत त्या घरात एका अपघातानंतर पडली होती. हे पिस्तूल मात्र सलग छापलेले होते, उघडतच नव्हते. म्हणून हंबीररावांनी नुसते विचारले, "रिकामं आहे ना रे?"

"खेळण्यासारखं तर दिसतंय, आबासाहेब! रिकामंच आहे," दिगंबर हसला आणि त्याने ते पाटावर टेकवताच गोळी सुटली. कुंकू लावायला वाकलेली हंबीररावांची मुलगी मृणाल जागीच गेली.

दुपारी फौजदारांनी विचारले, "तक्रार लिहून घेऊ ना? ते भरलेलं त्याला ठाऊक होतं म्हणालात, तर जन्मठेप होईल."

दारात दिगंबरची आजी सोनाबाई उभी होती. तिचा थोरला मुलगा याच घरात, अशाच पूजेत, रंगरावांच्या दुनळीने गेला होता. तिने तेव्हा तक्रार दिली नव्हती.

"त्याची फेड मागायला आले न्हाई मी," ती म्हणाली. "पोरीचं तोंड बघू द्या."

हंबीरराव फौजदारांकडे वळले. "लिहा. त्याला ते रिकामं वाटलं. आमची तक्रार नाही."

मग ते सोनाबाईला म्हणाले, "पाहून घ्या, काकू. आता तुमचं आमच्याकडे काही राहिलं नाही. पुन्हा या दारात येऊ नका."