मुठीतला स्क्रू

“काका, स्क्रू तर बरोबर आहे,” पुंडलिक म्हणाला.

झालं! नारायणराव मेश्रामांनी कपाळावर हात मारला. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं लेथ चालवणारा पोरगा, अन त्याला स्क्रूची लांबी कळेना! त्यांनी त्याच्या हातातून रिव्हॉल्वर काढून घेतलं, पोह्यांची दुसरी प्लेट आग्रहानं खायला लावली आणि फाटकापर्यंत सोडून आले.

“हा बी गेला,” आत येऊन ते लताबाईंना म्हणाले.

त्यांच्या मुलीला, यशोधरेला, पाहायला आलेला हा तिसरा. पहिला पाच जानेवारीला आला होता. त्यानं चापाला इतकं तेल पाजलं की टेबलावरचा कशिद्याचा रुमाल कायमचा गेला. दुसऱ्यानं दहा मिनिटं मोबाइलवर व्हिडिओ शोधण्यात घालवली.

भानगड अशी होती. नारायणरावांनी चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. घरात लायसनचं एक जुनं रिव्हॉल्वर होतं, गोळ्या मात्र त्यांनी कित्येक वर्षांत घेतल्याच नव्हत्या. डिसेंबरात हौसेनं त्याची प्लास्टिकची मूठ काढून त्यांनी स्वतः कोरलेली शिसवी मूठ बसवली. बसवताना लांब स्क्रू लागला, तो आत स्प्रिंगला टेकला आणि चाप जाम झाला. दोष त्यांना दोन मिनिटांत सापडला. दुसरा कोणी असता तर स्क्रू बदलून मोकळा झाला असता. नारायणरावांनी तो तसाच ठेवला आणि घरात जाहीर केलं, जो पोरगा दहा मिनिटांत हा चाप मोकळा करीन, तोच आपला जावई!

“पोरगी तिशीला येऊन राहिली, अन तुम्ही काहून पोरांच्या परीक्षा घेऊन राहिले?” लताबाई करवादल्या.

“लते, गोड बोलणारे लई पाहिले. आपल्या पोरीला हात चालवणारा माणूस पाहिजे. कुठं काय अडलं हे ज्याले पाहता येते, त्याच्या घरी ती सुखात राहीन.”

बोलले खरे, पण मनातून ते घाबरले होते. आपल्याच हट्टापायी पोर घरात राहिली तर? आणि शब्द मागं घ्यायचा तर आतापर्यंत परत पाठवलेल्या तिघांना तोंड काय दाखवायचं!

यशोधरा मात्र मजेत होती. ती खमरियाच्या फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात होती. तपासलेल्या वस्तूवर ‘पास’, सही आणि तारीख टाकल्याशिवाय हात झटकायचा नाही, हे तिला बापानंच शिकवलं होतं. ती सवय इतकी मुरली की घरातल्या लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा तिचा शेरा असे. दर रविवारी रिव्हॉल्वरची पुसपासही तीच करायची, नारायणराव समोर पेपर वाचत बसायचे. पोरीत खोड अशी नव्हती. फक्त तिची स्कूटर आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायची, तीही नेमकी राइट टाउन मोहल्ल्यात.

चौथा आला तो सुशांत गजभिये, राइट टाउनच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा. स्थळ लताबाईंनी आणलं होतं.

‘चित्रकलेचा मास्तर! संपलं,’ नारायणराव मनात म्हणाले. तरी नियम म्हणजे नियम. त्यांनी रिव्हॉल्वर आणि पेचकस त्याच्यापुढं ठेवला.

“दहा मिनिटं. चाप काहून अडकते, ते पाहा.”

सुशांतनं आधी गोळ्यांची चक्री उघडून रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री केली. नारायणराव जरा सावरून बसले. हे आधीच्या तिघांपैकी एकानंही केलं नव्हतं.

“अहो, गॅस संपला! चाय अर्धाच उकळला, टाकी बदलून द्या ना,” आतून लताबाईंची हाक आली.

“आत्ताच?”

“मंग काय पाहुणा गेल्यावर?”

चरफडत ते गेले. टाकी हलवून पाहिली तर निम्मी भरलेली वाटली, पण बायकोपुढं कोण बोलणार! बदलून परत आले तेव्हा सुशांत शेवटचा फेरा आवळत होता. त्यानं रिव्हॉल्वर पुढं केलं. नारायणरावांनी ते भिंतीकडं धरून चाप ओढला.

टक्क! परत ओढला. टक्क!

“अरे वा रे वा! काय होतं बापू?”

“मूठ आतून दाटून राहिली होती, काका. अडचण काढून टाकली.”

“स्क्रूच ना?”

सुशांतनं एकदा यशोधरेकडं पाहिलं. ती बशीतला चिवडा सारखा करण्यात गुंतली होती.

“मुठीतच होतं सगळं,” तो म्हणाला.

नारायणरावांनी त्याला कडकडून मिठी मारली. त्यांना भरूनच आलं. “लते, पेढे आण! मास्तर आहे, पण हात सोन्याचा आहे! यशू, तुला पसंत आहे ना?”

“तुमची परीक्षा पास झाला म्हणजे झालं, बाबा,” यशोधरा खाली मान घालून म्हणाली. किती गुणाची पोर! त्यांनी डोळे पुसले.

लग्नाचा महिना ठरला, पेढे वाटून झाले. ते जावयाला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले. सुशांतनं स्कूटरची सीट पुसायला खिशातून रुमाल ओढला, हात जोडले आणि तो गेला.

रुमालाबरोबर काहीतरी खाली पडलं होतं. नारायणरावांनी वाकून उचललं. चार घड्या घातलेला छोटा फोटो होता. त्याला रिव्हॉल्वरच्या तेलाचा वास येत होता आणि मधोमध स्प्रिंगचा वळ उमटला होता. उलगडून पाहिलं तर सुशांतचाच चेहरा. ‘स्क्रू तर बरोबर आहे’ म्हणणारा पुंडलिक त्यांना एकाएकी आठवला. त्यांनी फोटो उलटा केला. मागं ओळखीच्या, नीटस अक्षरात शेरा होता:

‘पास. य. ना. मेश्राम. ४ जानेवारी.’